ज्याचे दुखणे, त्याचे ज्ञान

मधुमेह हा शब्द कानी पडला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पन्नाशी उलटलेला, काहीसा स्थूल, चहात साखर नको म्हणून सांगणारा गृहस्थ. या रोगाचे आणि उतारवयाचे नाते लोकांच्या मनात इतके पक्के जुळून गेले आहे की, एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला मधुमेह झाला असे ऐकले तर ऐकणाऱ्याचा प्रथम विश्वासच बसत नाही, आणि विश्वास बसला की लगेच प्रश्न येतो, "इतक्या लहानपणी? गोड फार खात होता वाटते!" या एका प्रश्नात अज्ञान तर आहेच, पण त्या मुलावर नकळत केलेला एक आरोपही आहे.

रायपूर शहरात बूढापारा नावाची एक जुनी वस्ती आहे. नाव बूढापारा असले तरी बूढा तलावाच्या काठची ही वस्ती संध्याकाळच्या वेळी मुलांचीच असते. जवळच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आणि तिचे मैदान. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या शहराचा मराठी माणसांशी संबंध असल्याने मुलांच्या त्या गलक्यात हिंदी आणि छत्तीसगढीबरोबर अधूनमधून मराठी शब्दही ऐकू यावयाचे. अशा एखाद्या घोळक्यात बालमधुमेह असलेला सातवीतला एक मुलगा आहे अशी कल्पना करावी. खेळ रंगात आला आहे. एकाएकी त्याचे हात कापू लागतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मैदानावर त्याची आई नाही, डॉक्टर तर नाहीतच. खेळगड्यांना वाटते, हा दमला. पुढच्या दहा मिनिटांत काय होणार हे एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे आपल्याला काय होत आहे हे त्या मुलाला स्वतःला कळते की नाही.

या आजाराचे स्वरूप प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. बालवयात होणारा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिच्यातील काही विशिष्ट पेशी इन्सुलिन हा रस निर्माण करतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच काही कारणाने या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. हा नाश गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या हयगयीने होत नाही, आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतही नाही. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनाही दोन प्रकारचे रोगी वेगळे दिसले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्तज' असे दोन भेद सांगितले असून पहिल्यातील रोगी कृश आणि दुसऱ्यातील स्थूल असतो असे वर्णन आहे.

छत्तीसगढ हा भाताचा आणि तलावांचा प्रदेश. तेथील मुलाला हा आजार समजावून द्यावयाचा तर शेताचेच उदाहरण घ्यावे. तलाव तुडुंब भरला आहे, पण पाट उघडणारा पाटकरी नाहीसा झाला आहे; मग तलाव काठावरून वाहू लागतो आणि शेत मात्र करपून जाते. रक्त हा तलाव, साखर हे पाणी, शरीरातील पेशी हे शेत आणि इन्सुलिन हा पाटकरी. मूल वारंवार लघवीला का जाते, रात्री अंथरूण का ओले होते, घटाघटा पाणी पिऊनही तहान का शमत नाही आणि भरपूर खाऊनही ते वाळत का जाते, हे सारे या एका चित्रात येते. ही लक्षणे वेळीच ओळखली नाहीत तर रक्तात आम्ल साठते, ओकाऱ्या होतात, पोट दुखते, श्वास जोराने चालू लागतो आणि मूल बेशुद्ध होते. पोटदुखीचे औषध देण्यात दोन दिवस गेले तर जीवही जातो. सतत तहान, सतत लघवी, घटणारे वजन आणि विलक्षण थकवा, ही चार चिन्हे दिसताच रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी, एवढे तरी प्रत्येक पालकाने व शिक्षकाने लक्षात ठेवावयास हवे.

शंभर वर्षांपूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूचेच निदान होते. मुलाला जवळजवळ उपाशी ठेवून त्याचे आयुष्य काही महिन्यांनी लांबविणे एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पहिले औषध अशुद्ध होते, त्याचा फारसा उपयोग झाला नाही; कॉलिप यांनी ते शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी दुसरी टोचणी देण्यात आली आणि मुलगा सुधारू लागला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकी मंत्र्याची मुलगी टोरांटोला आली. पंधराव्या वर्षात उपासमारीने तिचे वजन अवघे वीस किलोच्या घरात आले होते. औषधाने तिला जीवदान दिलेच. पण लवकरच ती टोचणी स्वतःच्या हाताने घ्यावयास शिकली. पुढे ती जवळजवळ साठ वर्षे जगली आणि १९८१ मध्ये वारली. औषध शोधणाऱ्यांची नावे इतिहासात आली ती योग्यच. परंतु ते औषध जगण्याच्या उपयोगी पडले ते रोग्याच्या हातात आले म्हणून, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याचे कारण या आजाराच्या घडणीतच आहे. हिवतापाचे औषध डॉक्टर सांगतो, रोगी घेतो, आणि आठवड्याभरात प्रकरण मिटते. मधुमेही मुलाचे तसे नाही. दिवसाला चार टोचण्या धरल्या तर वर्षाच्या १,४६० होतात. प्रत्येक टोचणीपूर्वी किती खावयाचे, किती खेळावयाचे, साखर किती आहे, हे पाहून निर्णय करावा लागतो. डॉक्टरांची भेट महिन्यातून अर्धा तास झाली असे मानले तरी उरलेले सातशे तास कोण पाहणार? काही तास आई पाहील. शाळेत, मैदानावर, मित्राच्या घरी, आणि पुढे वसतिगृहात, नोकरीच्या गावी आई नसते. म्हणून बालमधुमेह्याला त्याचा आजार समजावून देणे हे उपचारानंतर फुरसतीने करावयाचे काम नव्हे. तो उपचाराचाच भाग होय.

मुलांना इतके कळते काय, अशी शंका पुष्कळांना येते. तिचे उत्तर बूढापाऱ्यातच सापडते. १८७७ साली विश्वनाथ दत्त नावाचे कलकत्त्याचे एक वकील कामानिमित्त रायपूरला राहिले होते. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र आईभावंडांसह तेथे आला आणि सुमारे दोन वर्षे राहिला. त्यांचे वास्तव्य बूढापाऱ्यातील डे भवनात होते असे सांगतात, आणि बूढा तलावालाही आता विवेकानंद सरोवर असे नाव आहे. रायपुरात त्या वेळी योग्य शाळा नव्हती. वडिलांनी मुलाला घरीच शिकविले. ते पाठांतराने नव्हे, तर संभाषणाने आणि वादाने. घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत त्याला बसू दिले, त्याचे मत विचारले, ते चुकले तर का चुकले ते दाखविले. पुढे स्वामी विवेकानंद झालेल्या या मुलाला उत्तरायुष्यात मधुमेहाने गाठले. तो अर्थात प्रौढपणीचा मधुमेह होता. १९०२ साली एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले तेव्हा इन्सुलिनचा शोध लागावयास अजून एकोणीस वर्षे होती. वडिलांची ती शिक्षणपद्धती मात्र आजही बालमधुमेह्याच्या घरी जशीच्या तशी लागू पडते. चौदा वर्षांच्या मुलाशी हुकमाच्या भाषेत नव्हे, तर विचाराच्या भाषेत बोलावे, एवढाच तिचा मथितार्थ.

भाषेचाही प्रश्न येथे आहेच. ज्यांच्या नावाची शाळा या वस्तीजवळ आहे त्या माधवराव सप्र्यांनी समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. ज्ञान ज्याच्या कामाचे आहे त्याच्या भाषेत ते पोचले पाहिजे ही त्यामागची जाणीव. वैद्यकाचे ज्ञान मुलापर्यंत नेताना अशाच अनुवादाची गरज असते. 'कर्बोदके मोजावीत' असे म्हटल्याने मुलाला काही कळत नाही. पण त्याच्या ताटाकडे बोट दाखवून सांगितले की, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे अठ्ठावीस ग्रॅम पिष्ट असते, तांदळाचा चीला आणि फरा हीही भाताचीच भावंडे आहेत, तलावाकाठी मिळणाऱ्या गुपचुपची पुरी गोड नसली तरी तिची अखेर साखरच होते, तर ते त्याच्या पक्के ध्यानात राहते. मग घरातली वाटी हेच त्याचे माप होते. सणाच्या दिवशी पुरणपोळी करावी की नाही या वादापेक्षा, अर्धी पोळी खावयाची तर भात किती सोडावा आणि डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे इन्सुलिन किती वाढवावे, हे गणित त्याच्याकडूनच करवून घ्यावे. सर्वांनी मोदक खावेत आणि त्याने कोपऱ्यात बसून पाहावेत, ही शिक्षा आहे, पथ्य नव्हे. आणि शिक्षेला मुले एकच उत्तर देतात, ते म्हणजे चोरून खाणे.

शिकविण्याचा क्रम वयानुसार असावा. चार-पाच वर्षांच्या मुलाला सुई कोणत्या बोटाला टोचावयाची आणि टोचणी उजव्या मांडीत की डाव्या, एवढे ठरवू द्यावे. निवड लहान असली तरी आपल्या शरीरावर आपला हक्क आहे ही जाणीव तीतून रुजते. सात-आठ वर्षांचे मूल यंत्रावरील आकडा वाचून वहीत लिहू शकते आणि साखर कमी झाल्याची खूण ओळखू शकते. दहा-बारा वर्षांचे मूल मोठ्यांच्या नजरेखाली स्वतः टोचून घेऊ शकते. रोज एकाच जागी टोचले तर तेथे गाठ धरते आणि औषध नीट भिनत नाही, हेही त्याला समजते. हे टप्पे प्रत्येक मुलाचे सारखे नसतात, परंतु क्रम हाच.

या सर्वांहून नाजूक गोष्ट आहे ती आकड्यांची. घरोघरी असे घडते की, यंत्रावर तीनशे हा आकडा दिसताच आईचा चेहरा उतरतो, वडील विचारतात, "आज काय खाल्लेस?", आणि मूल अपराध्यासारखे उभे राहते. दोन-चार वेळा असे झाले की वहीत एकशे वीस, एकशे तीस असे सुबक आकडे दिसू लागतात, ते खोटे असतात, आणि त्या खोट्या आकड्यांवर डॉक्टर औषधाचे माप ठरवितात. वहीतला हा आकडा परीक्षेतील गुण नव्हे. तो रस्त्यावरील मैलाच्या दगडासारखा आहे. आपण कोठे आहो एवढेच तो सांगतो, आपण कसे आहो हे सांगत नाही. आकडा वाढण्याची कारणेही अनेक असतात. सर्दीताप, परीक्षेची धास्ती, वयात येताना होणारे शरीरातील बदल, यांनीही साखर चढते. "काय खाल्लेस?" या प्रश्नाऐवजी "आता काय करावे असे तुला वाटते?" हा प्रश्न विचारणारे घर हेच मुलाला सत्य सांगण्याचे धैर्य देते.

केवळ माहिती दिल्याने काम भागते असेही नाही. पुदुच्चेरी येथील जिपमर संस्थेत विनामूल्य इन्सुलिन घेणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांना शिक्षण देऊन केलेल्या एका अभ्यासात, तो २००८ साली प्रसिद्ध झाला, असे आढळले की त्यांचे ज्ञान वाढले, दृष्टीही सुधारली, पण उपचार काटेकोरपणे पाळण्यात फारसा फरक पडला नाही. कळते पण वळत नाही, ही म्हण तेथे अक्षरशः खरी ठरली. उलट, अमेरिकेत १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रोग्यांवर जो मोठा प्रयोग झाला त्यात वारंवार तपासणी, वारंवार टोचण्या आणि सतत मार्गदर्शन यांच्या बळावर डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. या दोन प्रयत्नांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती ही की एकदा सांगून मोकळे होणे वेगळे आणि वर्षानुवर्षे सोबत करणे वेगळे.

अशी सोबत करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात उभ्या राहिल्या आहेत. रायपूरहून नागपूर हे आगगाडीने काही तासांचे अंतर. त्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट ही संस्था स्थापन केली आणि गरीब घरांतील बालमधुमेह्यांना, विशेषतः मुलींना, इन्सुलिन व शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांच्या 'उडान' संस्थेने हाच मार्ग धरला. अशा कामातील मर्म शिबिरात दिसते. एकट्या मुलाला वाटत असते की सुई टोचून घेणारा जगात आपणच एक. शिबिरात तो पाहतो की पन्नास मुले एका वेळी बाह्या सरसावून बसली आहेत. जे आईने शंभरदा सांगून पटले नाही ते शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीने "अरे, दुखत नाही" म्हणताच पटते. मोठी मुले लहानांची गुरू होतात, आणि शिकविता शिकविता स्वतःही पक्की होतात.

मुलीच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो, तो लपविण्याचा. पुढे लग्नाचे कसे होईल या धास्तीने शेजाऱ्यांनाच काय, शाळेलाही सांगितले जात नाही. ही वृत्ती केवळ आपल्याच देशातली नव्हे. एलिझाबेथ ह्यूजनेही आपला आजार जन्मभर बहुतेकांपासून लपवून ठेवला होता. परंतु जो आजार वर्गात कोणाला ठाऊक नाही, त्यात मदत तरी कोण करणार? लपविण्याच्या पाठोपाठ येते ती दुसरी आपत्ती, म्हणजे खात्रीच्या औषधाची जाहिरात. कारल्याचा रस, कडुनिंबाचा पाला, कोणाची तरी गुप्त पुडी आणि "टोचणी कायमची बंद" हे वचन! ज्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही त्याला पाल्याने ते मिळत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबविणे म्हणजे काही दिवसांत मृत्यूला बोलावणे होय. जेवण कमी झाले, ताप आला, तरीसुद्धा डॉक्टरांना विचारल्यावाचून ते पूर्ण थांबवू नये, हे मुलालाही ठाऊक असले पाहिजे. कारण कित्येकदा घरातील वडीलधाऱ्यांना थोपविण्याची पाळी त्याच्यावरच येते.

शाळेचे कर्तव्य त्यामानाने सोपे आहे. मैदानावरील त्या मुलाकडे पुन्हा पाहावे. रक्तातील साखर सत्तरच्या खाली आली की कंप, घाम, भूक, चिडचिड सुरू होते. खेळ ताबडतोब थांबवून सुमारे पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून घ्यावी. लहान मुलास त्याहून कमी पुरते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटल्यावर थोडे खाऊन घ्यावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून रुग्णालयात न्यावे. एवढे ज्ञान वर्गशिक्षकाला आणि बाकावरील मित्राला असले की पुरे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने शाळेत तपासणी करण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मोकळीक या मुलांना असावी असे राज्यांना कळविले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वीस वर्षांखालील असे सव्वादोन लाखांहून अधिक रोगी आहेत. तेव्हा ही काही दोन-चार घरांची गोष्ट नव्हे.

घरच्या साधनांचाही विचार करावा लागतो. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्यात, त्या गोठू देऊ नयेत. वापरातली कुपीही तीस अंशांवर जाऊ देऊ नये असा दंडक आहे. रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, वीजही जाते, आणि शीतकपाट प्रत्येक घरी असतेच असे नाही. अशा वेळी कुंभाराचे मडके कामास येते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडके, त्यात कोरड्या डब्यात कुपी. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हे मडके रोज ओले ठेवण्याचे काम मुलावर सोपवावे. आपले औषध जिवंत ठेवण्याची जबाबदारी आपली आहे, हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

जबाबदारी सोपवावयाची म्हणजे हात काढून घ्यावयाचा असा मात्र अर्थ नव्हे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सारे नीट करू लागला की आईबाप सुटकेचा श्वास टाकतात आणि पाहणे सोडून देतात. नेमकी तेव्हाच साखर बिघडते. त्या वयात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मनही बंड करते, आणि "मीच का?" हा प्रश्न रात्री छळू लागतो. त्या प्रश्नाला उत्तर नाही; पण तो ऐकून घेणारे कोणी जवळ असावे लागते. पोहावयास शिकविणारा जाणता माणूस मुलाच्या पोटाखालचा हात हळूहळू काढतो, पण पाण्यातून बाहेर येत नाही. आईबापांचे स्थान तसे असावे.

बालमधुमेहाला आज तरी कायमचा उतारा नाही. पण ज्ञानाने, नियमाने आणि आप्तांच्या सोबतीने मधुमेही मूल शिकू शकते, खेळू शकते, संसार थाटू शकते, म्हातारेही होऊ शकते. त्यासाठी त्याला दयेची गरज नाही; गरज आहे ती इन्सुलिनची, आणि त्याबरोबरच त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांची. इन्सुलिन आता पुष्कळ ठिकाणी मिळू लागले आहे. दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती प्रत्येक घराने आणि प्रत्येक शाळेने स्वतःच निर्माण करावयाची आहे.